अर्ध्या वेण्या

“आई गं! वेण्या घालतेयस की मुळं उपटतेयस?”

डेनीशा पुटपुटली. होस्टेलच्या खोलीत ती जमिनीवर बसली होती, डोकं मान्साच्या दोन गुडघ्यांमध्ये. डेनीशाचं घराणं खापरपणजीपासून इथलंच, अमेरिकेतल्या मेम्फिसचं. मान्सा घानाहून शिकायला आलेली. पण वर्षभर डेनीशाने आपलं डोकं दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नव्हतं.

“हलू नकोस,” मान्सा म्हणाली. आज तिचा हात जडच होता.

पलंगावर हैतीची मिरलांद तळलेली केळी खात वेणीत गुंफायच्या कृत्रिम केसांच्या बटा सोडवत होती. “उद्या चौकशीला जायचंय बाईसाहेबांना. डोकं जागेवर राहू दे.”

कुणी हसलं नाही.

गेल्या आठवड्यात ग्रंथालयाच्या दारातून गोरी पोरं खुशाल आत जात होती. रखवालदाराने अडवलं ते डेनीशा आणि मान्सा या दोन काळ्या मुलींना. मग मान्सा आत गेली आणि डेनीशाची पिशवी सगळ्यांदेखत पायरीवर रिकामी झाली. युनिव्हर्सिटीचं म्हणणं, ओळखपत्र सगळ्यांचंच तपासतात. तक्रार खोटी ठरली, तर डेनीशालाच घरी बसवणार होते. साक्षीदार एकटी मान्सा.

“उद्या काय सांगणार गं तू?” मिरलांदने विचारलं.

“जे झालं ते.”

“मी रांगेत पार मागे होते. दिसलं काही नाही, शब्दही कळले नाहीत, आवाज तेवढा आला तुझा. आईशी फोनवर बोलतेस ना, तस्सा, घानाच्या हेलात. एरवी आमच्याशी कशी अमेरिकन टीव्हीवरच्या बाईसारखी बोलतेस!”

मान्साचा कंगवा थांबला.

“माझीही आई शिकवते,” मिरलांद हळूच म्हणाली, “पोलीस दिसला की आधी देशाचं नाव सांग, म्हणजे इथली काळी समजणार नाही.”

डेनीशा समोरच्या भिंतीकडे बघत होती. अर्ध्या डोक्यावर वेण्या, अर्धं पिंजारलेलं. रागाने उठून जायचं तरी जाणार कुठे? तिने न वळता हात मागे केला. हातात पुढची बट होती.

मान्साने ती घेतली. गुंफली मात्र नाही.

“माझं ओळखपत्र त्याने बघितलंच नाही,” ती म्हणाली. “मी म्हटलं, ‘साहेब, मी घानाची, मी हिच्या लोकांतली नाही.’ तर हसून दार उघडलं त्याने माझ्यासाठी. उद्या हेच सांगणार आहे मी. जसंच्या तसं.”