शॉवरमागचा पांढरा बोर्ड

मार्लिस लुंडग्रेनला कारागिरांचा काडीचा भरवसा नव्हता. नवरा गेल्यापासून अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या घरात ती एकटीच होती आणि एकट्या बाईला फसवायला लोक टपलेलेच असतात, असं तिचं ठाम मत. शॉवरजवळच्या टाइल्स हलायला लागल्या तेव्हा तिने डेल्बर्ट क्रूज या मिस्त्रीला बोलावलं खरं, पण कॉफीचा मग घेऊन बाथरूमच्या दारातच ती स्टूल टाकून बसली.

डेल्बर्टने चार टाइल्स काढल्या. मागचा भिंतीचा जिप्सम बोर्ड भिजल्या पावासारखा हातात आला.

"बाई, हा साधा पांढरा बोर्ड आहे. झोपायच्या खोलीत लावतात तो. पाणी थेट पडतं तिथे सिमेंटचा लागतो आणि आजूबाजूला, छताला ओल सोसणारा हिरवा. सगळंच उतरवावं लागेल."

"सगळं? हे काम माझ्या भावाने केलंय. चाळीस वर्षं घरं बांधलीत त्याने. हिरवेच लावलेत, असं म्हणाला होता."

"मग हे काय आहे?"

"ते तुम्हीच सांगा. वाढीव काम कोणाला नको असतं?"

डेल्बर्ट गाडीत सँडविच खायला गेला. मार्लिस उठली. तेवढाच एक तुकडा पांढरा असेल, बाकी हिरवे नसतील कशावरून? तिने हातोडा घेतला, स्टुलावर चढून छताजवळ, जिथे टाइल्स नव्हत्या, तिथे दोन घाव घातले आणि मोठा तुकडा ओढून काढला. पांढराच निघाला. उलटा केला, तर मागे पेन्सिलीने मापं लिहिलेली. इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ मारायची सवय तिच्या माहितीत एकाच माणसाला होती.

तिने भावाला, ऑरिनला फोन केला. "ये," एवढंच म्हणाली.

दोन गल्ल्या पलीकडून तो लगेच आला. भिंत बघून त्याने टोपी काढली.

"हिरवे कुठेत रे?"

"ताई, त्या आठवड्यात मिळाले नाहीत. थँक्सगिव्हिंगच्या सणाला तुझ्याकडे माणसं येणार होती. तू रोज विचारायचीस, झालं का, झालं का. गॅरेजमध्ये साधे पडले होते. म्हटलं, वर टाइल्स आणि रंग लागल्यावर कोणाला कळतंय."

"आणि मला हिरवे म्हणून सांगितलंस."

"सांगितलं."

"अकरा वर्षं दर रविवारी जेवायला येतोस. इथेच हात धुतोस."

ऑरिन टोपी फिरवत राहिला. मार्लिस खिडकीशी गेली. खाली डेल्बर्ट गाडीत बसून खात होता. आयुष्यभर तिने परक्यांवर नजर ठेवली आणि ऑरिनच्या कामाकडे एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

"वर या," तिने हाक मारली. "गरम जेवण वाढते. आणि सगळं उतरवा."

दुसऱ्या दिवशी नवे बोर्ड आले. ऑरिनही आला, कोणी न बोलावता, आणि छताचा हिरवा बोर्ड डोक्यावर तोलून धरू लागला. डेल्बर्ट स्क्रू मारत होता. पुढचा बोर्ड चढण्याआधी मार्लिसने तो पुढूनमागून बॅटरी मारून पाहिला.

"माझेही तपासता, बाई?"

"आता सगळ्यांचेच तपासते."

संध्याकाळी बोर्डांच्या सांध्यांवर पट्टी बसली. ऑरिनने हात पुसत दबक्या आवाजात विचारलं, "ताई, रविवारी येऊ ना?"

"या रविवारी नको," ती म्हणाली. "पुढचं पुढे बघू."