मक्याचा कागद

धाकटी काही फुशारकी मारणाऱ्यांतली नव्हती. पण मक्याच्या स्टार्चपासून तिने केलेली पातळ, आरपार दिसणारी फिल्म यंत्राच्या चिमट्यांत ताणून दुप्पट झाली आणि तरी तुटली नाही, तेव्हा तिचे पाय जमिनीवर ठरेनात. प्रयोगशाळेतून ती थेट थोरल्या बहिणीच्या बेकरीत गेली.

"ताई, हे बघ. वापरून झालं की मातीत टाकायचं. मातीच खाऊन टाकते."

ताईने हात पुसून फिल्म ओढून पाहिली, उजेडात धरली, हुंगलीसुद्धा. "मातीचं पोट भरलं. माझ्या गिऱ्हाइकाने चुकून खाल्ली तर?"

"काही होणार नाही. मका आणि ग्लिसरिन, दुसरं आहे काय त्यात?"

"मग बन कशाला भाजायचे?" भट्टीपाशी उभे असलेले भाऊजी म्हणाले. "हीच विकू."

धाकटीचं मन मोडवेना म्हणून ताईने एक रोल ठेवून घेतला. जुन्या पिशव्या आधी संपवायच्या होत्या, तेव्हा तो गेला भट्टीवरच्या फळीवर. कोरड्या, उबदार जागी वस्तू टिकते, असा ताईचा ठाम समज.

काही आठवड्यांनी एका शाळेच्या सहलीसाठी बनांची मोठी मागणी आली. ताईने कौतुकाने रोल काढला, पहिला बन गुंडाळला आणि फिल्म कडकन फुटली. दुसऱ्या बनाचीही तीच गत. तिने फोन उचलला.

"तुझा कागद रुसलाय गं. हात लावू देत नाही. ये आणि समजूत काढ."

धाकटी अंगातला पांढरा कोट तसाच ठेवून धावत आली. "शक्यच नाही," म्हणत तिने फिल्म हातात घेतली, जरा वाकवली, आणि दोन तुकडे दोन हातांत आले.

"झालं की शक्य," भाऊजी शांतपणे म्हणाले.

बन शेवटी साध्या कागदी पिशव्यांतून गेले. गडबड निवल्यावर धाकटी हिरमुसून पिठाच्या पोत्यावर बसली.

"स्टार्चच्या लांब लांब साखळ्या असतात, ताई. त्यांना एकमेकींना बिलगायची भारी हौस. ग्लिसरिन मध्ये शिरून त्यांना लांब ठेवतं, म्हणून फिल्म लवते."

"वर्गात दोन बडबड्या पोरींच्या मध्ये बाई तिसरीला बसवतात, तसं?"

"अगदी तसं. पण उष्णतेने ओल उडाली, दिवस गेले, की त्या तिसरीला न जुमानता पुन्हा जवळ येतात. तुझा बन शिळा होऊन कडक होतो ना, त्याच जातीचं हे."

"म्हणजे बहिणीने मला शिळा कागद दिला!"

धाकटी हसली, पण मनातून खजील झाली. तिने ताणून पाहिली ती प्रत्येक फिल्म ताजी होती. जुनीची साधी विचारपूसही कधी केली नव्हती.

पुढच्या खेपेला तिने सढळ हाताने ग्लिसरिन ओतलं. फिल्म रेशमासारखी मऊ झाली. पण हवा दमट होती आणि ग्लिसरिन पाणी ओढून घेतं. दुसऱ्या दिवशी फिल्म सोलताना बनाची लुसलुशीत तांबूस पाठही तिच्याबरोबर निघून आली.

"आधीचा फुटत होता, हा बनाच्या गळ्यात पडतोय," ताई म्हणाली. "मधलं काही जमतं का तुला?"

मधलं जमवायला धाकटीने ग्लिसरिन कमी केलं आणि जोडीला सॉर्बिटॉल हे साखरेच्या कुळातलं गोड द्रव्य घातलं. ते पाण्यासाठी एवढं हावरं नसतं. या वेळी तिने फिल्मचे तुकडे एका कोरड्या, गरम कपाटात आणि एका दमट कपाटात ठेवले आणि मुकाट्याने जुने होऊ दिले. सहकाऱ्यांनी कपाटांना नाव दिलं वृद्धाश्रम. "म्हातारे बरे आहेत ना?" असं जो तो येता-जाता विचारायचा. तीही वेळच्या वेळी एकेकाला बाहेर काढून ताणून पाहायची.

अशात खाद्यपदार्थांच्या एका कंपनीची माणसं फिल्म बघायला येणार असं ठरलं. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी बजावलं, "कालचीच दाखवायची. दुप्पट ताणते, सगळे खूश होतात."

धाकटीने मान डोलावली. कालची फिल्म दाखवली, सगळे खूश झाले. मग तिने वृद्धाश्रमातला एक तुकडा यंत्रात लावला. तो कालच्या फिल्मच्या निम्म्याहून कमी ताणला गेला आणि तुटला. प्रमुखांनी छताकडे पाहिलं.

"तुमच्या गोदामात पोचेपर्यंत ती अशी झालेली असेल," धाकटी म्हणाली.

कंपनीच्या खरेदी अधिकारी बाईंनी त्या तुकड्याचा उरलेला अर्धा भाग बोटांत घेऊन दुमडला. घडीवर तो तुटला नाही. "बिस्किटांना नाही चालणार, ती महिनोन् महिने पडून असतात," त्या म्हणाल्या. "ब्रेडला चालेल. थोडी पाठवा, वापरून पाहू. आणि हो, जुनीसुद्धा पाठवा."

प्रमुखांची नजर छतावरून खाली आली.

संध्याकाळी बेकरीत ही बातमी पोचली तेव्हा भाऊजींनी आधी हात जोडले आणि मग ते तोंडभर हसले. ताई मात्र कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कंपनीचं नंतर. फुटक्या कागदाचे चटके मी सोसले, पहिला मान माझा. हे बन घे आणि गुंडाळायला लाग."

धाकटीने बाह्या सरसावल्या. फिल्म लवली, मिटली, कुठे चिरली नाही. पण गुंडाळलेला बन असा काही दिसत होता की गाठोडंच. ताईने तो तिच्या हातातून काढून घेतला, उलगडला आणि नीट गुंडाळून ठेवला.

"कागद झाला हो शहाणा," ती म्हणाली. "आता तुझ्या हातांचं काय करायचं, तेवढं सांग."