उफणणीचा वारा

"बाबा, त्या बाजूले बसा. आन् हलू नोका," उत्कर्ष म्हणाला.

"काहून? मी पोतं हाये का?"

"आज पोतंच हाये. वारा कमी असला का वजन तिकडं लागते, तवा शीड आकार धरते."

बसलो मुकाट. साठ वर्षं आमच्या केनवड गावात गेली, समुद्र आजच पाहिला. पोरगं सहा वर्षांपासून मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंची शिडाची बोट चालवतं. आज ती रिकामीच मांडव्याहून मुरूडला न्यायची होती, म्हणून बाईंनी मला बसू दिलं. गावात लोक विचारतात, पोरगं काय करतं? मी म्हणतो, नोकरी. श्रीमंतांचं खेळणं सांभाळतो, हे कोणत्या तोंडानं सांगू? माझे गुडघे गेलेत, पेरणी दीड महिन्यावर आलीय. त्याला घरी घेऊनच जायचं, असं ठरवून आलो होतो.

सकाळचा जमिनीकडचा वारा अकराला पडला. शीड ओल्या लुगड्यासारखं लोंबलं. किनाऱ्यावरचं एक देऊळ तासभर जागचं हललं नाही.

"इंजिन लाव ना बे!"

"थांबा जरा. येते वारा."

"अन् नाई आला तं?"

तो चिडलासुद्धा नाही, याचाच मला राग आला. त्या रागात खिशातल्या शेंगा फोडल्या, टरफलं चुरडली आणि सवयीनं मूठ उंच धरून सोडली. तूर उफणताना, म्हणजे वाऱ्यावर दाणा आणि भुसा वेगळा करताना, आम्ही आधी असाच मूठभर भुसा सोडून बघतो. सगळा कचरा त्याच्या धुतलेल्या पांढऱ्या फळ्यांवर पडला, पण थोडा तिरपा.

"आला," मी म्हणालो. "समुद्राकून."

शिडावर वारा कळावा म्हणून लोकरीचे धागे चिकटवलेले होते. ते लोंबतच होते. तरी उत्कर्षनं माझं ऐकून दोर सैल केला. जरा वेळानं धागे उठले, शीड फुगलं आणि बोटीखाली पाणी खळखळलं.

"धाग्याच्या आंधी कसं समजलं तुमाले?"

"चाळीस वर्सं उफनलो, लेका."

"मंग मले कोनं शिकोलं? बाई पयल्याच दिवशी म्हने, याले वारा लवकर कयते. मी सांगतलं, आमचे बाबा मले खयात उभं करत, भुसा पाह्याले."

आता थ्रेशर येतं आणि तासाभरात तूर काढून जातं; उफणायला कोण उभं राहतं? माझ्याजवळ द्यायला जे होतं, ते हा केव्हाच घेऊन आला होता.

मुरूड दिसायला लागलं तेव्हा त्यानं विचारलं, "आई म्हने, तुमाले काई बोलाचं हाये. काय?"

"वावर बटाईनं, अर्ध्या वाट्यानं, देऊन राह्यलो. तुले इचाराले आलो."

त्यानं दोर जरा ओढून बांधला. "कोनाले देता?"

"शेजारच्या देवमनले," मी म्हणालो.

उद्या देवमनला फोन करून विचारावं लागेल.