कॅलिफोर्नियाची घरपट्टी

ही १९९७ सालची गोष्ट. नाशिक महापालिकेची निवडणूक होती. आमचा पंचवटीतला वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला होता आणि मला नगरसेविका व्हायचंच होतं. तीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलेलं. निवडणूक कशी जिंकतात हे माझ्याहून जास्त कोणाला कळणार, असा माझा पक्का समज.

अमेरिकेतला उजवा विचार हा माझा लाडका धडा. तो वॉशिंग्टनमध्ये नाही, एकेका राज्यात वाढला, हे मी दरवर्षी सांगे. १९७८ साली कॅलिफोर्नियातल्या लोकांनी मतदान करून घरपट्टीला वेसण घातली. ते लोण इतर राज्यांत गेलं आणि दोन वर्षांत 'कर कमी करा' म्हणणाऱ्यांनी देशच जिंकला. मग पंचवटी काय अवघड?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या. तिळगुळाआधी मी त्यांना पाऊण तास कॅलिफोर्निया ऐकवला. शेवटी म्हणाले, "मला निवडून द्या, घरपट्टी निम्मी करते!"

बाजारात भाजी विकणाऱ्या धोंडाबाई म्हणाल्या, "बाई, मी भाड्याच्या खोलीत. मला कुठली घरपट्टी? आमच्या चाळीत नळ एकच. पट्टी कमी केल्यावर दुसरा कुठून यायचा?"

"तो वेगळा मुद्दा आहे."

"वेगळा नाही, बाई, पुढचाच आहे." मागून सविता तिडके बोलली. माझी विद्यार्थिनी आणि माझ्याविरुद्धची उमेदवार. हळदीकुंकवाचं बोलावणं सगळ्या गल्लीला. तिला कशी वगळणार? तिने पिशवीतून जुनी वही काढली. वर्गात मी नोट्स उतरवून देत असे, स्वल्पविरामासकट. ती वाचू लागली, "'परिणाम. एक, ग्रंथालयांच्या वेळा घटल्या. दोन, उन्हाळी शाळा बंद पडल्या. तीन, शहरांना पैशासाठी राज्य सरकारच्या तोंडाकडे बघावं लागलं.' परीक्षेला हमखास येईल, म्हणाला होतात."

तीस वर्षांची सवय. माझ्या तोंडून निघून गेलं, "शाबास! अगदी बरोबर."

बायका इतक्या हसल्या की कुंकवाचा करंडा सांडला. मी तिथेच पडले. मतमोजणी नुसती उपचारापुरती.

सविताने चाळीत नळ आणले. घरपट्टी वाढवायला सभागृहात हातही वर केला आणि २००२ सालच्या निवडणुकीत त्याच हातामुळे आपटली. आता ती क्लास घेते, नोट्स माझ्याच. मी पुन्हा उभी राहिले नाही. लोक आग्रह करतील म्हणून थांबले होते, कोणी केला नाही.

धोंडाबाईंनी २००६ साली मखमलाबादेत दोन खोल्या बांधल्या. पहिली घरपट्टी आली तशी रिक्षा करून माझ्याकडे आल्या.

"बाई, ती कॅलिफोर्नियाची गोष्ट परत सांगा बरं. त्या परिणामांच्या आधीची."