विशेष व्यक्तींची बस

वादळ आलं तर किनाऱ्यालगतची वस्ती कशी हलवायची, याचा अठ्ठेचाळीस पानी आराखडा नगरपालिकेच्या हेडक्लार्कने एकहाती लिहिला होता. त्यातलं मूळ वाक्य होतं, 'ज्यांना चालता येत नाही त्यांना आधी न्यावे.' वरिष्ठांना ते असभ्य वाटलं. मग ते झालं, 'विशेष व्यक्तींना प्राधान्याने हलवावे.' भाषा सुधारली आणि अर्थाला पाय फुटले.

वादळाच्या दुपारी तीनला बस आली. पूल चारला बंद होणार होता आणि दुसरी फेरी फक्त कागदावर होती. हेडक्लार्क थोरल्या बहिणीची चाकाची खुर्ची गुडघाभर पाण्यातून ढकलत आला, तर आत नगराध्यक्षांचं अख्खं खानदान स्थानापन्न. दारात त्यांचा मेव्हणा, काखेत टीव्ही.

"ही विशेष व्यक्तींची बस आहे," हेडक्लार्क म्हणाला.

"मग आम्ही काय किरकोळ आहोत?"

"अहो, विशेष म्हणजे अपंग."

"तोंड सांभाळून बोला."

"तुझ्या शुद्धलेखनाने माझा जीव जाणार बघ," ताई खुर्चीतून म्हणाली.

तेवढ्यात समोरच्या गोदामाचा पत्रा सुटला आणि रांगेतल्या न्हाव्याचा कान घेऊन गेला. रांग दारावर कोसळली. ड्रायव्हरने दार ओढलं. मधे कुणाची तरी बोटं होती. त्याने पुन्हा ओढलं. किंचाळत लोक मागे हटले, पण दार अर्धवटच अडकलं.

हेडक्लार्कने ताईला त्या फटीतून आत सरकवायला घेतलं. मेव्हण्याने खुर्चीला लाथ घातली. ताई तोंडावर पाण्यात पडली.

पायरीजवळ चाकाचा पाना होता. हेडक्लार्कने तेवीस वर्षांच्या नोकरीत स्टेपलरपेक्षा जड काही उचललं नव्हतं. त्याने पाना मेव्हण्याच्या गुडघ्यावर मारला. मग नीट नेम धरून, त्याच जागी, पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज वाऱ्यातही ऐकू आला. टीव्ही पाण्यात, मागोमाग मेव्हणा. त्याच्या रिकाम्या जागेवर हेडक्लार्कने ताईला पाण्यातून उचलून पोत्यासारखं कोंबलं.

"तू ये ना रे," तिने त्याची बाही धरली.

"अगं, जागा एकच झाली."

ड्रायव्हरने गिअर टाकला. बाही फाटून तिच्या हातात राहिली आणि बस पुलाकडे गेली.

पाणी कमरेला आलं. मेव्हणा बुडत, शिव्या देत हात मारत होता. हेडक्लार्कने त्याला कॉलरला धरून ओढलं, खांद्यावर टाकलं आणि नगरपालिकेच्या जिन्याकडे निघाला. लोंबणाऱ्या पायाला कठडा लागला की मेव्हणा गुरासारखा ओरडे आणि हेडक्लार्कची मान आवळून टाळक्यात गुद्दा घाली.

"साल्या, तुझी नोकरी घालवतो."

"घालवा," हेडक्लार्क म्हणाला. "पण मान सोडा आधी. अजून दोन मजले चढायचेत."