माझ्यावर बसायला मनाई आहे

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. माझ्यावर कोणी बसत नाही, हेच माझं गाऱ्हाणं.

सुताराने मला लेकरासारखं घडवलं. शेवटी स्वतः टेकून पाहिलं आणि म्हणाला, "झकास! इथे बसलेल्याला उठावंसं वाटणार नाही." बिचाऱ्याला काय ठाऊक! एका मोठ्या कुटुंबाने मला घरी आणलं, पाठीवर आपल्या आडनावाची पितळी पट्टी ठोकली आणि नियम केला. या आडनावाचा जो माणूस लौकिक मिळवील त्यानेच माझ्यावर बसायचं, तेही वर्षातून एकदा, सगळे जमतात तेव्हा.

न्यायाधीश आजोबा बसले, पण असे टोकावर, की जणू मीच आरोपी. पैलवान काका धपकन बसले नि माझा मागचा पाय मोडला. तो सांधला गेला. एरवी मी कापडाखाली. एखादं पोर चढलं, की वडीलधारे अण्णा ओरडत, "ऊठ! आधी नाव कमव!" पोरं मोठी झाली, पोटापाण्याला लागली. पुन्हा चढलं नाही कोणी.

यंदाचा मान प्रवचनकार काकांचा. ते गाऊन प्रवचन सांगतात. त्यांनी सूर लावला, की माझ्या लाकडातसुद्धा देव जागा होतो. पण माझं नशीब पाहा! ते म्हणाले, "देवाचं नाव मी उभ्यानेच घेतो." त्यांच्या मागे उभी होती त्यांची थोरली बहीण, घरादाराची आत्या. काकांचा श्वास संपला, की ध्रुवपद ती उचलायची. जन्मभर तिने हेच केलं. आणि गाता गाता तिचा गुडघा लटपटला.

काका थांबले. "ताईला बसवा रे! ही खुर्ची रिकामीच आहे की."

"तिचं आडनाव लग्नात बदललं," अण्णा म्हणाले. "तू बस हवं तर."

"अहो अण्णा, तिचा सूर नसता तर मला कुत्रं तरी विचारतं का?"

"नियम म्हणजे नियम."

"राहू दे रे," आत्या हसली. "न्यायाधीशांच्या जागी बसून मला कुणाला शिक्षा ठोठावायची आहे?"

सगळे हसले. माझा मात्र जळफळाट झाला. दोन्ही हात पसरलेले, पण पुढे होऊन तिला धरता येईना!

आत्या जमिनीवर बसली आणि माझ्या त्या सांधलेल्या पायाला टेकली. मी जीव खाऊन उभी राहिले, करकरलेसुद्धा नाही. मग काय झालं? कधीही न बसणारे काका खाली आले, तिच्याशेजारी मांडी घातली आणि तिथूनच गाऊ लागले. तिचं ध्रुवपद तिच्या पाठीतून माझ्या पायात उतरत होतं. देव खाली बसला होता आणि सगळ्यांच्या वर मी, रिकामी!

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पट्टी चकचकीत पुसली आणि कापड टाकलं.

मित्रांनो, तुमच्याकडे अशी एखादी जपलेली खुर्ची असेल, तर तिला पुसत बसू नका. घरात कोण दमलंय ते बघा आणि त्याला तिच्यावर बसवा. आडनाव नंतर विचारा.