जांभळं सुट्टीनंतर

मी आहारतज्ज्ञ आहे आणि माझं तोंड फटकळ आहे. क्रांती चौकातल्या माझ्या क्लिनिकमध्ये येणाऱ्या बायकांना हे पहिल्याच दिवशी कळतं. आमरीनला तर मी तीनदा झापलं होतं. पोरीला पाचवा महिना, आणि तेवढ्यात तीन वेळा लघवीचं इन्फेक्शन. तिच्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं की आणखी एकदा झालं आणि किडनीपर्यंत गेलं, तर बाळ वेळेआधी होऊ शकतं. औषध त्यांचं, खाणंपिणं माझ्याकडं. मी क्रॅनबेरीचा रस लिहून दिला, दिवसाला अडीच लिटर पाणी लिहून दिलं. ती दर वेळी "जी मॅडम" म्हणायची आणि तेच दुखणं घेऊन परत यायची. "पाणी प्यायला काय होतं गं तुला?" असं मी तिला चारचौघींत विचारलं होतं. ती खाली बघत राहिली. पोरगी निष्काळजी आहे, असं मी ठरवून टाकलं.

जूनमध्ये चिकलठाण्याच्या एका कारखान्यानं मला महिला आरोग्य सप्ताहात बोलायला बोलावलं. विषय त्यांनीच दिला होता, बेरीवर्गीय फळं आणि स्त्रियांचं आरोग्य. मी सिल्लोडकडची करवंदं आणि टपोरी जांभळं टोपल्या भरभरून नेली. चाळीस मिनिटं बोलले. जांभळाचा तो गडद रंग हृदयाला कसा चांगला, करवंदातून लोह कसं मिळतं, महागडी परदेशी फळं नसली तरी आपलं कसं भागतं, सगळं सांगितलं. बोलते मी छान, त्यात लाजायचं काय! समोर निळ्या ॲप्रनमधल्या दीडशे बायका होत्या. तिसऱ्या रांगेत आमरीन दिसली; ती इथं कामाला आहे, हे मला तेव्हाच कळलं.

मग टोपल्या फिरल्या. बायकांनी मूठ मूठ फळं घेतली, पण एकीनंही तोंडात टाकलं नाही. कुणी डब्यात भरली, कुणी रुमालात बांधली. घेऊन चालल्या लेकरांना, मला वाटलं. माझं डोकंच सटकलं. एवढं घसा फोडून सांगितलं ते काय भिंतींना? मी तडक आमरीनपाशी गेले.

"खा. माझ्यासमोर खा."

"सुट्टी झाल्यावर खाते ना, मॅडम."

"आत्ता का नाही?"

तिच्या शेजारी पन्नाशीच्या सरूबाई बसल्या होत्या, त्या बोलल्या, "लई रस हाय बाई त्यात. पोटात गेला की जावं लागतं."

"मग जायचं!"

दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. त्या हसण्यानं मी जरा चपापले.

"कुणाला संगं नेऊ?" सरूबाई म्हणाल्या. "संडास पार लोडिंगच्या गेटापाशी. तिथं ट्रकवाले उभे. दाराला आतून कडी नाय. एकीनं आत जायचं, दुसरीनं भाईरून दार धरायचं. पण दोघी उठल्या की लाइन बंद पडती. सुपरवायझर दोघींना सोडत नाय. मग आम्ही पाणीच पीत नाय. निघताना घरी च्यासुदिक नाय."

"सुट्टी होईपर्यंत?"

"व्हय. आठ तास."

"आमरीन, तू पण?"

"जी मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलेला रस घरी गेल्यावर रोज पिते. एक दिवस नागा नाय केला."

दीडशे बायका कोरड्या घशानं माझं ऐकत बसल्या होत्या आणि मी त्यांना फळांचे रंग समजावत होते. मला माझीच शिसारी आली. या पोरीला मी लोकांसमोर पाण्यावरून बोलले होते, आणि ती एका शब्दानं मला उलटून बोलली नव्हती.

तेवढ्यात मॅनेजर इंद्रजीत सर आभार मानायला आले. माणूस तरुण, बोलायला गोड. मी सगळं एका दमात सांगितलं. ते ओशाळतील, लगेच सुताराला बोलावतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी टोपलीतलं एक जांभूळ तोंडात टाकलं.

"कड्या होत्या की, मॅडम. सगळ्या दारांना होत्या. आम्हीच काढून घेतल्या. मुली आत बसून राहायच्या, प्रॉडक्शनवर परिणाम व्हायचा." मग मला धीर द्यावा तसं म्हणाले, "टाकल्या नाहीत हं. माझ्या ड्रॉवरमध्येच आहेत."

जन्मात पहिल्यांदा मला बोलायला एक शब्द सापडेना. हा माणूस खोटं बोलत नव्हता, लपवत नव्हता, त्याला यात काही वावगंच वाटत नव्हतं.

आमरीन माझ्या बाजूनं पुढं गेली. टेबलावर पाहुण्यांसाठी ठेवलेली पाण्याची बाटली तिनं उचलली, झाकण उघडलं आणि तोंडाला लावली. सगळा हॉल बघत होता. मधे एकदा थांबून तिनं श्वास घेतला आणि पुन्हा प्यायला लागली. लिटरभर पाणी तिनं इंद्रजीत सरांसमोर उभ्यानं संपवलं आणि रिकामी बाटली टेबलावर ठेवली.

"आता कडी द्या, सर," ती म्हणाली. "स्क्रू मी बसवते. अर्ध्या तासात मला जावं लागेल."